टंचाई दलालांच्या आधीची

२१ नोव्हेंबर २०१४ रोजी निन्टेन्डोने अमेरिकेत ‘अमीबो’ नावाच्या छोट्या मूर्ती विकायला काढल्या, तेव्हा एका मूर्तीची किंमत होती १२.९९ डॉलर. पहिल्या खेपेत बारा पात्रं होती. मारिओ, लिंक, पिकाचू, योशी अशी घरोघरी ठाऊक असलेली बरीच, आणि त्यांच्या सोबतीला मार्थ, व्हिलेजर आणि ‘वी फिट’ची व्यायाम शिकवणारी ट्रेनर अशी कमी प्रसिद्ध तीन. महिना उलटायच्या आत ही तीन पात्रं दुकानांतून दिसेनाशी झाली आणि ईबेवर छापील किमतीच्या कित्येक पट भावाने विकली जाऊ लागली. तेव्हापासून गेली दहा-अकरा वर्षं व्हिडिओ गेमशी जोडलेल्या खेळण्यांच्या बाबतीत हेच घडत आलं आहे: घोषणा होते, नोंदणी काही मिनिटांत संपते, दुसऱ्या दिवशी तीच वस्तू तिप्पट भावाने फेरविक्रीला येते आणि लोकांचा सगळा राग ब्लॅकवाल्यांवर निघतो. राग रास्तच आहे. पण या दशकभरातला पुरावा एकत्र मांडून पाहिला, तर ब्लॅकवाला या गोष्टीत बऱ्याच उशिरा येतो असं दिसतं. कोणतं पात्र किती काढायचं, ते कोणत्या दुकानाला द्यायचं आणि ग्राहकाला यातलं काय सांगायचंच नाही, हे त्याच्या येण्याआधी ठरलेलं असतं. तो टंचाई वाढवतो, तिच्यावर पैसा कमावतो. तिचा पाया मात्र उत्पादक आणि मोठ्या दुकानसाखळ्यांनी घातलेला असतो.

‘खेळण्यांसाठी एवढा जीव कशाला टाकायचा?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. अमीबो ही नुसती कपाटात मांडायची मूर्ती नाही. तिच्या बैठकीत एनटॅग २१५ जातीची चिप असते, जेमतेम ५०४ बाइट माहिती मावणारी. मूर्ती यंत्राच्या ठरावीक जागेवर टेकवली की गेम ती वाचतो आणि काहीतरी उघडून देतो. खोक्यात मूर्तीच्या पायाखाली धातूचा पातळ पत्रा घातलेला असतो, म्हणजे दुकानात उभ्या उभ्या, न विकत घेता, कुणी चिप वाचू नये. २०११ साली ‘स्कायलँडर्स’ने आणि २०१३ साली ‘डिस्ने इन्फिनिटी’ने हाच धंदा रुजवला होता, निन्टेन्डो त्यात मागाहून उतरली. आता मूर्तीने उघडतं काय ते पाहा. मार्च २०१५ मध्ये आलेल्या ‘कोडनेम स्टीम’मध्ये मार्थ, आइक, रॉबिन आणि लुसिना यांच्या मूर्ती असल्या, तर ती पात्रं खेळायला मिळत. २०१७ च्या ‘मेट्रॉइड: सॅमस रिटर्न्स’मध्ये सर्वांत कठीण पातळीचा खेळ एका मूर्तीमागे कुलूपबंद होता. म्हणजे ज्याने पूर्ण पैसे मोजून गेम घेतला, त्याच्याच चकतीवर किंवा कार्डावर असलेला भाग त्याला खेळता येत नव्हता, कारण गावातल्या दुकानात एक प्लॅस्टिकची बाहुली मिळत नव्हती. ‘कोडनेम स्टीम’ बाजारात आला, तेव्हा मार्थ आधीच दुर्मीळ होता आणि रॉबिन-लुसिना यायला अजून दोन महिने होते. विकलेल्या गेमचा तुकडा दुसऱ्या वस्तूला बांधला की ती दुसरी वस्तू पुरेशी उपलब्ध ठेवण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर येते. हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही, तो इथूनच.

सुरुवातीच्या काही महिन्यांची टंचाई समजून घेता येते, आणि न्याय्य आढावा घ्यायचा तर ते मान्य केलं पाहिजे. वी यू हे निन्टेन्डोचं यंत्र तेव्हा बाजारात मार खात होतं, आणि त्याच्याशी जोडलेली खेळणी एवढी उचलली जातील असा अंदाज कुणी बांधला नव्हता. रंगवलेल्या मूर्तीसाठी साचे करावे लागतात, कारखान्याशी वेळ ठरवावी लागते, माल समुद्रमार्गे आणावा लागतो. आज मागणी कळली म्हणून पुढच्या आठवड्यात पुरवठा होत नाही. त्यातच २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत कामगार आणि मालक यांचा वाद पेटला होता आणि जहाजं खोळंबली होती. तो वाद फेब्रुवारी २०१५ मध्ये मिटला. पण एकूण आकडे पाहिले की टंचाईचं वेगळंच रूप समोर येतं. डिसेंबर २०१४ अखेर जगभरात सुमारे ५७ लाख आणि मार्च २०१५ अखेर सुमारे १ कोटी ५ लाख मूर्ती विकल्या गेल्याचं निन्टेन्डोने स्वतःच सांगितलं. एवढा माल येत असताना एकूण मूर्ती कमी होत्या असं म्हणता येत नाही. मारिओ फळीवर उभा होता आणि मार्थ नव्हता. चुकलं ते पात्रांमधलं वाटप. शिवाय डिसेंबर २०१४ मध्येच कंपनीने सांगून टाकलं की मारिओ, लिंक यांसारखी लोकप्रिय पात्रं कायम मिळावीत असा प्रयत्न राहील, बाकीची मात्र दुकानांत फळ्यांवर जागा कमी असल्यामुळे पहिली खेप संपल्यावर बहुधा परत येणार नाहीत. कोणती पात्रं, हे तिने सांगितलं नाही. हे निवेदन म्हणजे काळ्या बाजाराला दिलेलं निमंत्रणच ठरलं. ‘परत येणार नाही’ हा धाक आणि ‘कोण येणार नाही’ याबद्दलचं मौन एकत्र आलं की हौशी माणूसही दोन-दोन घेऊन ठेवतो, आणि धंदेवाईक माणूस वीस घेतो. काही काळाने मार्थ पुन्हा येणार असं जाहीर झालं. म्हणजे ती टंचाई अटळ नव्हती.

यानंतर जे घडलं त्याला मात्र अनपेक्षित मागणीचं कारण लागू होत नाही. पुढच्या खेपांमध्ये अमेरिकेत एकेक पात्र एकेका दुकानसाखळीला वाटून दिलं गेलं: लुकारिओ टॉइज आर असकडे, शल्क गेमस्टॉपकडे, मेटा नाइट बेस्ट बायकडे, रोझलिना टार्गेटकडे, आणि मार्च २०१५ मध्ये सोनेरी मारिओ वॉलमार्टकडे. दुकानांना हे का हवं असतं ते उघड आहे. शेजारच्या दुकानात नसलेली वस्तू आपल्याकडे असली की गिऱ्हाईक आत येतं आणि आणखी चार वस्तू घेऊन जातं. उत्पादकालाही फळीवर मोक्याची जागा मिळते. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिलं, तर एक संच पुरा करायला त्याला पाच वेगवेगळ्या साखळ्यांच्या मागे धावावं लागतं, आणि यातली एखादी साखळी त्याच्या शहरात नसली तर फेरविक्रीशिवाय त्याच्यापुढे रस्ताच उरत नाही. २ एप्रिल २०१५ ला चौथ्या खेपेची नोंदणी गेमस्टॉपमध्ये सुरू झाली, तेव्हा नेसची मूर्ती फक्त त्यांच्याकडे होती. देशभरातल्या शाखांत लोक रांगा लावून उभे राहिले आणि साखळीची संगणक यंत्रणाच कोलमडली. रांगेत उभ्या असलेल्यांची नोंद आत जाईना. टार्गेटच्या संकेतस्थळावर जिगलीपफची नोंदणी काही मिनिटांत संपली. जागेवर असणं, वेळ मोकळा असणं, नोंदणी कधी उघडणार याची आतून कुणकुण असणं, या गोष्टींना इतकी किंमत आली की ज्याचा धंदाच त्यावर चालतो तो पुढे जाणार हे ठरलेलंच होतं. शाळेतून घरी येणारं मूल किंवा कामावर असलेली आई त्या शर्यतीत टिकत नाही. दुर्गम ठिकाणच्या माणसाला तर ती शर्यत लागल्याचं कळायच्या आत ती संपलेली असते.

ब्लॅकवाल्याचं खरं भांडवल म्हणून पैशाइतकीच माहितीची विषमता धरायला हवी. १३ डॉलरची मूर्ती विकत घ्यायला कुणाला कर्ज काढावं लागत नाही. पण माल कधी येणार, किती येणार, पुन्हा येणार का, हे ग्राहकाला कळत नाही तोवर प्रत्येक अफवेला भाव असतो. त्या वातावरणात बाजार कुठल्या थराला जातो, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये कारखान्यातून चुकून पायांशिवाय बाहेर पडलेली पीचची एक मूर्ती ईबेवर लिलावाला निघाली आणि तिची बोली २५,१०० डॉलरवर गेली. दोन्ही हातांना तोफ बसलेल्या सॅमसची बोली २,५०० डॉलरपर्यंत पोचली. सदोष मालाची हौस संग्राहकांना नाणी-तिकिटांच्या काळापासून आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण त्या बातम्यांनी एक समज पक्का केला: हे खेळणं नाही, ही गुंतवणूक आहे. मग सरळ धड मूर्तीही खोक्यातून न काढता ठेवण्याकडे कल वाढला. आणि खोक्यात, त्या धातूच्या पत्र्यावर उभी असलेली मूर्ती गेमच्या दृष्टीने निरुपयोगी असते.

‘हे सगळं कंपनी मुद्दाम करते, टंचाई हीच तिची जाहिरात आहे,’ असा आरोप नेहमी होतो. तो मला पटत नाही. ईबेवरच्या ८० डॉलरमधला एक सेंटही निन्टेन्डोला मिळत नाही. न विकलेली मूर्ती हा तिचा बुडालेला नफा असतो. मार्च २०१६ ला संपलेल्या वर्षात तिने २ कोटी ४७ लाख मूर्ती विकल्या, मार्थ, व्हिलेजर आणि ट्रेनर यांनाही परत बाजारात आणलं, आणि ती परतल्यावर फेरविक्रीचे भाव उतरले. टंचाईवरच जगायचं ठरवलेली कंपनी असं करत नाही. पण हेतू शुद्ध म्हणून हिशेब चुकता होत नाही. सोनेरी मारिओ एकाच साखळीला देताना, किंवा पात्रांची संख्या गुप्त ठेवताना कुणाची गैरसोय होणार हे ठाऊक असूनही तो निर्णय घेतला गेला. त्यातून होणारा लाभ फळीवरच्या जागेच्या रूपाने कंपनीकडे गेला आणि किंमत ग्राहकाने मोजली. मी याला कट म्हणणार नाही, बेफिकिरी म्हणेन. आणि बेफिकिरी सुधारता येते, म्हणूनच तिच्याबद्दल बोलायला हवं.

अर्थशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे. मागणी जास्त, पुरवठा कमी असेल तर भाव चढणारच. फेरविक्रेता वस्तू तिची सर्वाधिक कदर करणाऱ्याकडे पोचवतो, जोखीम उचलतो, मग त्याला नावं का ठेवायची? उत्पादकाने भाव वाढवावा म्हणजे हा मधला माणूस आपोआप हटेल. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो दोन ठिकाणी अडतो. सर्वाधिक पैसे देऊ शकणारा म्हणजे सर्वाधिक कदर करणारा, हे लहान मुलांच्या खेळण्याबाबत तर मुळीच खरं नाही. दुसरं म्हणजे, भाव चढवणं उत्पादकाला परवडत नाही, आणि त्याचं कारण १९८६ साली डॅनियल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं. त्यांच्या पाहणीत एक प्रश्न खेळण्याचाच होता: महिनाभर संपलेली कॅबेज पॅच बाहुली नाताळाच्या आठवडाभर आधी दुकानाच्या गोदामात एकच सापडते, आणि दुकानदार ती जमलेल्या गिऱ्हाइकांत लिलावाने विकतो. ७४ टक्के लोकांनी हे अन्यायाचं ठरवलं. त्या बाहुलीसाठी १९८३ च्या नाताळात अमेरिकेतल्या दुकानांत अक्षरशः मारामाऱ्या झाल्या होत्या, तेव्हा प्रश्न हवेतला नव्हता. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक टिकवायचं असलेली कंपनी असा लिलाव करणार नाही, आणि करूही नये. राहिला फेरविक्रेत्याच्या जोखमीचा मुद्दा. पुरवठ्यात तो एकाही मूर्तीची भर घालत नाही. उलट त्याच्या आधीच्या खरेदीने फळी लवकर रिकामी होते आणि ज्या टंचाईची जोखीम तो उचलतो म्हणतो, ती त्यानेच वाढवलेली असते. अर्थात, ‘आधी येईल त्याला’ ही पद्धतही निर्मळ नाही, ती रिकामा वेळ असणाऱ्याला झुकतं माप देते, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय सोडत हा आहे. काळा बाजार नव्हे.

पुरवठा वाढला की काय होतं, याचे धडे निन्टेन्डोच्याच इतिहासात आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेला छोटा ‘एनईएस क्लासिक’ हा गेम-संच ५९.९९ डॉलरचा होता. मागणी तुफान असताना, २३ लाख नग विकून, एप्रिल २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, आणि फेरविक्रीत तो दोनशे डॉलरच्या वर गेला. जून २०१८ मध्ये तोच नग पुन्हा बाजारात आला आणि ते भाव कोसळले. पुढे जून २०२४ च्या भागधारकांच्या सभेत निन्टेन्डोचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी सांगितलं, की फेरविक्रीवरचा सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे मागणी पुरवेल एवढं उत्पादन करणं. ‘स्विच २’ या नव्या यंत्राच्या वेळी कंपनीने तसा साठा केला; ५ जून २०२५ पासूनच्या पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रं विकली गेली. जपानमध्ये सोडतीसाठी सुमारे २२ लाख अर्ज आले, आणि तिथे अर्जाला अट होती: जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळल्याची नोंद आणि ऑनलाइन सेवेचं एकूण वर्षभराचं सदस्यत्व. ही अट मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. खेळणारा कोण आणि नुसता उचलणारा कोण, हे कंपनीला ठाऊक असतं. खात्यांवर ते वर्षानुवर्षं नोंदलेलं असतं. सोबत मर्कारीसारख्या फेरविक्रीच्या ठिकाणांशी बोलून गैरप्रकाराच्या जाहिराती काढण्याचीही व्यवस्था झाली.

मात्र ‘जास्त काढा, प्रश्न संपला’ एवढ्यावर थांबता येत नाही, कारण पोकेमॉनचे खेळायचे पत्ते त्याला आडवे येतात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात पोकेमॉनचे जवळजवळ १२०० कोटी पत्ते छापले गेले, आणि तरीही काळा बाजार जोरात आहे. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेट दुकानाबाहेर खेळाडूंच्या पत्त्यांवरून हाणामारी झाली आणि त्या साखळीने काही काळ पोकेमॉनसह अशा पत्त्यांची दुकानांतली विक्रीच थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानच्या मॅकडॉनल्ड्सने मुलांच्या खाण्यासोबत पोकेमॉनचे पत्ते द्यायला सुरुवात केली. तीन दिवसांचा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी आटोपला, लोकांनी पत्ते काढून घेतले आणि बर्गर-फ्राइजच्या पिशव्या रस्त्यावर टाकून दिल्या. कंपनीला माफी मागावी लागली. पाकीट बंद, आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि हजारांत एखादं पान सोन्याच्या भावाचं, अशी रचना असली की टंचाई मालाच्या पोटातच शिवलेली असते. वरून कितीही पाकिटं ओतली तरी ती जात नाही. अमीबोचं तसं नाही. खोक्यातून समोर दिसणारा मार्थ हा दुसऱ्या मार्थसारखाच असतो. म्हणून पत्त्यांचं उदाहरण मूर्तींबाबतच्या युक्तिवादाला छेद देत नाही. दुर्मीळपणा कुठे मुद्दाम घातलेला आहे आणि कुठे तो निष्काळजीपणाने आला आहे, ते वेगळं करायला मदत करतं. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या गेमचे पत्ते दोन्हींच्या मध्ये येतात. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत सान्रिओच्या पात्रांचा सहा पत्त्यांचा संच निघाला. आत कोणते पत्ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तो फक्त टार्गेटकडे दिला गेला आणि हां हां म्हणता संपला. सहा वर्षांपूर्वीच्या जिगलीपफपासून कुणी काही शिकलं नव्हतं.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत स्वयंचलित प्रोग्रॅम वापरून तिकिटं लाटण्यावर बंदी आली, २०१९ पासून जपानमध्येही तिकिटांच्या चढ्या फेरविक्रीला आळा घालणारा कायदा आहे. पण दोन्ही तिकिटांपुरते. खेळण्यांना ते लागू करण्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये २०१८ पासून अनेकदा विधेयक मांडलं गेलं आणि ते तिथेच राहिलं. ‘माणशी एक’ या दुकानी नियमाचा उपयोग होतो, पण चार नातेवाइकांना रांगेत उभं करणाऱ्यापुढे तो लंगडा पडतो. त्या मॅकडॉनल्ड्सच्या कार्यक्रमातही पाच संचांची मर्यादा होतीच.

मग उत्पादक म्हणतो, मागणीचा अंदाज चुकला आणि माल पडून राहिला तर? ही भीती खरी आहे. मे २०१६ मध्ये डिस्नेने ‘इन्फिनिटी’ गुंडाळली तेव्हा १४ कोटी ७० लाख डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. फळ्यांवर न खपलेल्या मूर्ती हा त्या धंद्यातला मोठा काच होता. पण अंदाज बांधायची गरजच पडू नये अशी पद्धत जपानी मूर्तिकारांच्या धंद्यात रुळलेली आहे. गुड स्माइल कंपनी नवी मूर्ती जाहीर करते, महिना-दीड महिना नोंदणी खुली ठेवते, आलेल्या मागणीनुसार माल काढते आणि काही महिन्यांनी पोचवते. मागणी टिकली तर पुन्हा काढते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या लिंकची तिची नेन्डोरॉइड मूर्ती २०१७ नंतर अशीच अनेकदा परत आली आहे. पात्र तेच, त्यावर हक्कही निन्टेन्डोचाच; फरक फक्त वाटपाचा. बान्दाईचं प्रीमियम दुकानही अशी मागणीनुसार नोंदणी घेतं. यावर एक उत्तर येतं, की मुलाला खेळणं आज हवं असतं, सहा महिन्यांनी नव्हे. मारिओ आणि पिकाचूबाबत ते बरोबर आहे, आणि ते दुकानांत ढिगाने असावेतच. पण मार्थ किंवा शल्क शोधणारा माणूस सहा महिने आनंदाने थांबतो, फक्त त्याला आपली मूर्ती नक्की येणार हे लेखी हवं असतं. खात्यावर एक मूर्ती, महिनाभराची खिडकी, आणि पुन्हा काढणार की नाही याचं घोषणेच्या दिवशीच स्पष्ट उत्तर, एवढं करायला निन्टेन्डोला नवं काही उभारावं लागणार नाही. स्वतःचं ऑनलाइन दुकान तिच्याकडे आहे, खाती आहेत, स्विच २ ची सोडत तिने चालवून दाखवली आहे. आणि जोवर हे होत नाही, तोवर गेमचा कोणताही भाग मूर्तीशिवाय उघडणार नाही अशी रचना तरी करू नये. किमान काही महिन्यांनी तो भाग सगळ्यांना खुला करावा.